पोकर: किंग्ज हातात, फ्लॉप ९-८-७: चेक-रेझला काय उत्तर द्यायचं?

पत्तेपिसू:
नो-लिमिट होल्डेम (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक, बेटला मर्यादा नाही), सहा जणांचं टेबल, दोघांकडे १००-१०० बीबी (बिग ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधीची सक्तीची मोठी बेट; पुढचे सगळे आकडे त्यातच). कटऑफवरून (डीलरच्या अलीकडची जागा) बदाम-किल्वरचे राजे, २.५ बीबीची रेझ (बेट वाढवणं), फक्त बिग ब्लाइंडवाल्याचा कॉल (तेवढेच देणं). पॉट (मधली रक्कम, स्मॉल ब्लाइंडच्या अर्ध्यासकट) ५.५. फ्लॉपला (पहिले तीन सामाईक पत्ते) इस्पिकची नव्वी, इस्पिकची अठ्ठी, चौकटची सत्ती. त्याचा चेक (बेट न लावणं), माझी ४ ची बेट, त्याची रेझ १४ वर, म्हणजे चेक-रेझ. माणूस नेटका खेळतो, उगाच मारामारी करत नाही. ऑल-इन (सगळं पणाला), कॉल की फोल्ड (हात टाकणं)? आणि अशा फ्लॉपवर मुळात बेट लावावी का?

रिव्हरकाठ:
ऑल-इन तर नकोच. मागे उरलेले ९३.५ ढकलले तर कॉल कोण करणार, ते मोजा. नुसते सूटेड (एकाच चिन्हाचे) हात धरले तरी गुलाम-दश्शी, दश्शी-छक्की, छक्की-पंजी मिळून १२ स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते). सेटचे (हातातली जोडी आणि फ्लॉपवर तसाच तिसरा पत्ता) ९. दोन पेअरचे ७ (९-८ चे ३, ९-७ आणि ८-७ चे दोन-दोन). स्ट्रेटपुढे राजे जवळजवळ मेलेले. सेटपुढे दोनच पत्ते, रिव्हरपर्यंत (पाचवा, शेवटचा सामाईक पत्ता) जेमतेम ८ टक्के. राहिले ड्रॉ (अजून न बनलेले हात). इस्पिकची राणी-दश्शी घ्या: ९ इस्पिक, शिवाय इस्पिक सोडून ३ गुलाम आणि ३ छक्क्या. १५ आउट (त्याचा हात बनवणारे पत्ते) झाले, म्हणजे ५५ टक्क्यांच्या आसपास तोच पुढे! नुसता फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाच्या पाच पत्त्यांना एक कमी) ३५ टक्क्यांचा, त्याचा कॉल तुम्हाला हवाच. पण नेटका माणूस नेमका तोच हात टाकून देतो.

किल्वर_एक्का:
सहमत. मी एक कॉल करेन, पण टर्नचे (चौथा सामाईक पत्ता) पत्ते आधी ठरवून. १० टाकून पॉट ३३.५ होतो, म्हणजे जिंकायची ३० टक्के शक्यता लागते. कागदावर हे जवळपास जमतं. गोची पुढे आहे. कॉलनंतर मागे ८३.५. टर्नला त्याने २२ लावले आणि तुम्ही दिले, की पॉट ७७.५, मागे ६१.५. रिव्हरला अख्खा स्टॅक पणाला.

म्हणून टर्नला इस्पिक, गुलाम, दश्शी, छक्की किंवा पंजी आली आणि त्याने पुन्हा बेट लावली, तर फोल्ड. दश्शी पडली की एकटा गुलाम किंवा एकटी छक्कीसुद्धा स्ट्रेट. लाल दुर्री-तिर्रीवर मी अजून एक कॉल देतो. आणि सत्तीची जोडी पडली म्हणून दचकू नका: ९-८ वाल्याचे दोन पेअर तिथे मोडतात, राजे-सत्ती वर जातात. ८-७ वाल्याचं फुल हाउस होतं खरं, पण तो आधीही पुढेच होता.

पत्तेपिसू:
दोनातला एक राजा इस्पिकचा असता तर?

रिव्हरकाठ:
कॉल थोडा सोपा. टर्न-रिव्हर दोन्ही इस्पिक यायची शक्यता साधारण चार टक्के, आणि टर्नला इस्पिक आलं तर लगेच पळावं लागत नाही. उलट बाजूही आहे: तो राजा तुमच्याकडे म्हणजे त्याचे राजावाले फ्लश ड्रॉ गेले, रेझमध्ये बनलेल्या हातांचं प्रमाण वाढलं.

दुर्री_तिर्री:
दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही. या फ्लॉपवर मी किंग्ज बऱ्याचदा चेक करतो. दश्शी-छक्की, ८-७ असले हात बिग ब्लाइंड कॉल करतो, कटऑफ त्यांनी फारशी पहिली रेझ करत नाही. वरचे हात त्याच्याकडेच जास्त. बेट लावायचीच तर दश्श्यांच्या किंवा गुलामांच्या जोडीने. वरचा पत्ता पडायची भीती त्यांना जास्त, आणि दश्श्यांना दोन्ही टोकांचा, गुलामांना एका दश्शीचा स्ट्रेट ड्रॉही आहे. किंग्जना फक्त एक्क्याची भीती, फुकट पत्ता देणं परवडतं.

हे सगळं सिंगल-रेझ पॉटपुरतं (फ्लॉपआधी एकच रेझ). फोर-बेट (फ्लॉपआधीची तिसरी रेझ) २२ वर कॉल झाला असेल तर पॉट ४५ च्या घरात, मागे ७८. तिथे दश्शी-छक्की कुणी घेऊन येत नाही, त्यामुळे हाच फ्लॉप आला तरी किंग्ज आत ढकला. पणजीच्या कसिनो बोटीवर चार जण फ्लॉप बघत असतील तर मात्र एकाची बेट आणि दुसऱ्याची रेझ दिसताच हात टाका, हिशेबसुद्धा करू नका.