प्रतिसाद: दारं-खिडक्यांचं माप

प्लास्टरच्या मापातून दारं-खिडक्या वजा केल्या नाहीत म्हणजे मिस्त्रीने सरळ लुबाडलं, हे इथे एकाने मांडलेलं म्हणणं मला पूर्ण पटत नाही. आयएस १२०० या बांधकामाच्या मोजमापाच्या भारतीय मानकात अर्धा चौरस मीटरपर्यंतचा झरोका वजाच करत नाहीत. अर्धा ते तीन चौरस मीटरच्या दार-खिडकीची भिंतीच्या एकाच बाजूची वजावट होते, कारण आतल्या कडांनाही प्लास्टर लागतं आणि त्या काठांवर थापी चालवायला वेळ जास्तच जातो. तीनच्या वर गेलं की दोन्ही बाजू वजा, पण मग कडा वेगळ्या मोजायच्या.

आमच्याकडेही यावरूनच वाजलं होतं. मी आणि मिस्त्रीने मिळून टेप धरला, प्रत्येक भिंतीचं माप वहीत उतरवलं, तेव्हा कुठे हिशेब जुळला. दर ठरवतानाच वजावटीचं लिहून घ्या.