‘मध्यममार्गी’, ‘मवाळ’ की ‘झारीतला शुक्राचार्य’?

मूळ प्रश्न

अमेरिकी सिनेटवरील एका लेखाचा अनुवाद करताना मी अडखळलो आहे. पक्षाच्या मुख्य प्रवाहापेक्षा कमी टोकाची मते असलेले लोकप्रतिनिधी आपल्याच पक्षाच्या कार्यक्रमाला हातभार लावतात की खोडा घालतात, असा लेखाचा विषय आहे. पश्चिम व्हर्जिनियाचे जो मॅन्चिन आणि ॲरिझोनाच्या किर्स्टन सिनेमा (आडनावावरून गैरसमज नसावा) हे डेमोक्रॅटिक पक्षाचे दोन तत्कालीन सिनेटर त्याच्या केंद्रस्थानी आहेत. मी त्यांना सर्वत्र ‘मध्यममार्गी’ म्हटले होते. संपादकांनी ते खोडून ‘मवाळ’ केले आणि समासात लिहिले, की शंभर वर्षे रुळलेला शब्द हाताशी असताना नवा कशाला हवा. मला ते पटलेले नाही, पण का पटलेले नाही हे नेमके सांगताही येत नाही. शिवाय ‘अजेंडा’ला मी ‘कार्यक्रमपत्रिका’ म्हटले आहे, तेही योग्य आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १

‘कार्यक्रमपत्रिका’ सभेची किंवा समारंभाची असते. पक्षाचा असतो तो ‘कार्यक्रम’, आणि ‘किमान समान कार्यक्रम’ या शब्दप्रयोगामुळे तो अर्थ मराठी वाचकाला चांगला परिचित आहे. ‘अजेंडा’ हा शब्द हल्ली बहुधा ‘छुपा’ या विशेषणाचे बोट धरूनच येतो, त्यामुळे तो येथे टाळावा.

आता ‘मवाळ’. या शब्दाला १९०७ च्या सुरत अधिवेशनाची आठवण कायमची चिकटलेली आहे. मवाळ आणि जहाल यांच्यातील वाद प्रामुख्याने मागण्यांचा वेग, त्यांचा पल्ला आणि त्या मिळवण्याची साधने यांविषयी होता; देशाचे भले कशात आहे याविषयी गोखले आणि टिळक दोन विरुद्ध दिशांना तोंड करून उभे नव्हते. गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले आणि पुढच्या वर्षी ते १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले, तेव्हा त्या मागणीत मवाळ असे काहीच नव्हते. मवाळ होती ती तिची भाषा आणि तिची सनदशीर वाट.

मॅन्चिन यांचे नेमके उलटे आहे. २०१० मध्ये ते सिनेटची पोटनिवडणूक लढवत होते. तेव्हाच्या त्यांच्या एका जाहिरातीत ते हातात रायफल घेऊन उभे राहतात, आपल्याच पक्षाने आणलेल्या कार्बन उत्सर्जनाच्या विधेयकाची प्रत लक्ष्यफलकावर लावलेली असते, आणि ते त्या कागदातून गोळी आरपार घालवतात. अशा माणसाला ‘मवाळ’ म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर उपरणे आणि पगडी उभी राहील, आणि पुढचा सगळा लेख त्याला उलटा कळेल. ‘नेमस्त’ हा शब्दही त्याच घराण्यातला आहे. त्याचा भर बोलण्या-वागण्यातील मोजकेपणावर असल्यामुळे तो स्वभावाचे वर्णन करतो, मतदानाचे नव्हे.

प्रतिसाद २

‘कुंपणावरचे’ हा शब्द का नको? अमेरिकेतही हीच प्रतिमा आहे. १८८४ च्या अध्यक्षीय निवडणुकीत ज्या रिपब्लिकनांनी आपला उमेदवार ब्लेन यांना सोडून डेमोक्रॅट क्लीव्हलंड यांना पाठिंबा दिला, त्यांना ‘मगवम्प’ म्हणत. तो शब्द मुळात तेथील एका आदिवासी भाषेतील, ‘सरदार’ अशा अर्थाचा. परंतु पुढे त्याची थट्टेने अशी फोड करण्यात आली, की ज्याचे तोंड कुंपणाच्या एका बाजूला आणि बूड दुसऱ्या बाजूला, तो मगवम्प.

अर्थात, हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आले, की कुंपणावरचा माणूस निर्णय टाळतो. तळ्यात-मळ्यात करत राहतो. मॅन्चिन यांनी १९ डिसेंबर २०२१ रोजी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत, बायडन यांच्या सामाजिक खर्चाच्या महाविधेयकाला आपण मत देऊ शकत नाही, असे सरळ सांगून टाकले. त्याला कुंपणावर बसणे म्हणता येणार नाही, तेव्हा माझी सूचना मीच मागे घेतो.

प्रतिसाद ३

मला वाटते, खरी गफलत ‘मध्यम’ या शब्दातच आहे. शाळेच्या बीजगणितात आपण मध्य, मध्यक आणि बहुलक हे तीन शब्द वेगळे ठेवायला शिकलो. संख्या चढत्या क्रमाने मांडल्यावर जी बरोबर मधोमध येते, ती मध्यक. ती कितीही मोठी किंवा लहान असू शकते, कारण तिचे महत्त्व तिच्या जागेमुळे असते. लोकप्रतिनिधीच्या बाबतीतही मताने मधला असणे आणि मोजणीत मधला असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, आणि इंग्रजी लेखक त्या दोन्हींना एकच नाव देतात म्हणून आपणही तसेच करण्याचे कारण नाही.

जॉर्जिया राज्यातील दोन जागांचा फेरमतदानाचा निकाल जानेवारी २०२१ मध्ये लागला, सिनेट ५०-५० अशी विभागली गेली, आणि उपाध्यक्ष कमला हॅरिस यांचे निर्णायक मत धरून डेमोक्रॅटिक पक्षाला काठावरचे बहुमत मिळाले. मॅन्चिन यांची मते आदल्या वर्षी जी होती तीच होती. बदलली ती केवळ त्यांची मोजणीतील जागा. त्याच्या साडेतीन वर्षे आधी, २८ जुलै २०१७ च्या मध्यरात्रीनंतर, ओबामांचा आरोग्यविमा कायदा मोडीत काढणारे विधेयक सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ५१ असे पडले. तेव्हा मॅन्चिन सभागृहात असूनही चर्चा होती ती सुसान कॉलिन्स, लिसा मर्कोव्स्की आणि जॉन मॅकेन या तीन रिपब्लिकनांची. मेंदूच्या कर्करोगाचे निदान होऊन काही दिवसच झालेले मॅकेन पुढे आले, त्यांनी हात लांब केला आणि अंगठा खाली वळवला. एकूण कारकीर्द पाहता मॅकेन मध्यममार्गी मुळीच नव्हते. त्या रात्री ते काठावर होते, इतकेच.

म्हणून माझी सूचना अशी, की धोरणविषयक मतांबद्दल बोलताना ‘मध्यममार्गी’ आणि मोजणीबद्दल बोलताना ‘काठावरचा’ असे दोन शब्द वापरावेत. ‘काठावर पास’ होणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाला दुसऱ्या शब्दाचा अर्थ विचारावा लागणार नाही.

या फरकामुळे मूळ प्रश्नही थोडा उजळतो. ५ मार्च २०२१ रोजी १.९ लाख कोटी डॉलरच्या करोना-मदत विधेयकावर चर्चा चालू असताना किमान वेतन ताशी १५ डॉलर करण्याच्या प्रस्तावावरचे मतदान जवळजवळ बारा तास उघडे ठेवण्यात आले, कारण तेवढ्या वेळात पडद्याआड मॅन्चिन यांची बेकारभत्त्याच्या रकमेवरून मनधरणी चालली होती. अखेरीस भत्ता आठवड्याला ४०० ऐवजी ३०० डॉलर ठरला आणि दुसऱ्या दिवशी विधेयक ५० विरुद्ध ४९ मतांनी संमत झाले. किमान वेतनाच्या त्या प्रस्तावाविरुद्ध सिनेमा यांनी गुडघा किंचित लववून अंगठा खाली केला, आणि ते दृश्य देशभर फिरले. प्रत्यक्षात डेमोक्रॅटिक गटातील आठ जणांनी विरोधी मत दिले होते. उरलेल्यांपैकी किती जणांची नावे लोकांच्या लक्षात राहिली? काठावरचा माणूस पुढे उभा राहतो आणि शिव्या खातो, तेव्हा त्याच्या पाठीमागे सावलीत काही सहकारी निवांत बसलेले असतात, हेही लेखात यावे.

प्रतिसाद ४

वरील प्रतिसादातील गणित मान्य आहे, परंतु त्यामुळे खोडा खोडाच राहतो. ‘अडसर’ आणि ‘खोडा’ यांतील फरक पाहावा. अडसर असतो, खोडा घातला जातो. सिनेटच्या नियमांमुळे बहुतेक विधेयकांना चर्चा थांबवण्यासाठी ६० मते लागतात, हा अडसर झाला. १९ जानेवारी २०२२ रोजी मतदानहक्कांच्या विधेयकापुरता तो नियम शिथिल करण्याचा प्रस्ताव मॅन्चिन आणि सिनेमा यांच्या विरोधामुळे ४८ विरुद्ध ५२ असा पडला, तो खोडा. बायडन यांच्या सामाजिक खर्चाचा साडेतीन लाख कोटी डॉलरचा आराखडा आक्रसत गेला आणि मुलांसाठीची वाढीव करसवलत २०२१ च्या अखेरीस संपली, ती पुन्हा सुरू झाली नाही. ज्या कुटुंबांच्या खात्यात दरमहा पैसे जमा होत होते, त्यांना मध्यकाची व्याख्या सांगून उपयोग नाही.

मूळ प्रश्नकर्ता

आपले म्हणणे मलाही टोचते, परंतु लेखातील दुसरी बाजू येथे मांडणे भाग आहे. पश्चिम व्हर्जिनियात २०२० मध्ये ट्रम्प सुमारे ३९ टक्क्यांच्या आघाडीने जिंकले होते. मॅन्चिन तेथून २०१८ मध्ये जेमतेम तीन टक्क्यांच्या फरकाने निवडून आले नसते, तर सिनेटचे नेतृत्व रिपब्लिकन पक्षाचे मिच मॅकॉनेल यांच्याकडे राहिले असते आणि साडेतीन लाख कोटींचे सोडाच, त्या आराखड्यावर मतदानही झाले नसते. ज्यांनी डिसेंबरात ‘नाही’ म्हटले, त्यांनीच २७ जुलै २०२२ रोजी पक्षाचे सिनेटमधील नेते चक शूमर यांच्याबरोबर तडजोड जाहीर केली, आणि हवामान व ऊर्जा यांसाठी सुमारे ३६,९०० कोटी डॉलरची तरतूद असलेला कायदा ५१ विरुद्ध ५० मतांनी संमत झाला. पक्षाच्या विधेयकाला गोळी घालणाऱ्या माणसाच्या सहीशिवाय पक्षाचा सर्वांत मोठा हवामान कायदा झाला नसता. मग त्याने हातभार लावला की खोडा घातला?

प्रतिसाद ५

एक छोटी भर घालतो. मराठी वृत्तपत्रांत अशा माणसाला सहज ‘बंडखोर’ लिहिले जाते, ते येथे करू नये. आपल्याकडे १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले, आणि पक्षादेश मोडून मत देणाऱ्याची आमदारकी किंवा खासदारकी जाऊ शकते. त्यामुळे वेगळे मत असलेला सदस्य एक तर गप्प राहतो, नाही तर गट बांधून फुटतो. मधली अवस्था ‘नाराज’ या एका शब्दात उरकली जाते. प्रतोद कोणाचा खरा, हा वाद २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीनंतर महाराष्ट्रातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, इतके त्या पदाला येथे वजन आहे. अमेरिकेतील प्रतोद मात्र मनधरणी करू शकतो, जागा काढून घेऊ शकत नाही. पक्षात राहून, जाहीरपणे, एकेका विधेयकावर विरोधी मत देत राहणारा सदस्य आपल्या व्यवस्थेत जवळजवळ तयारच होत नाही, म्हणून त्याला नेमका शब्दही आपल्याकडे तयार झालेला नाही.

प्रतिसाद ६

शब्द नाही असे कसे म्हणता येईल? ‘झारीतला शुक्राचार्य’ आहे की! फक्त आपण तो अर्धवट वापरतो. कामात आतून अडथळा आणणारा, एवढाच अर्थ आपण लक्षात ठेवला आणि कथा विसरलो. शुक्राचार्य हे बळीचे गुरू होते, शत्रू नव्हते. वामन कोण आहे हे त्यांनी ओळखले होते, त्यांनी बळीला सावधही केले होते, आणि शिष्य ऐकत नाही म्हटल्यावर ते झारीच्या तोटीत जाऊन बसले, ते त्याचे राज्य वाचावे म्हणून. बळीचा जाहीर संकल्प अडवणे आणि बळीचे हित पाहणे, या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कृतीत केल्या. मध्यममार्गी प्रतिनिधींचा स्वतःविषयीचा दावा अक्षरशः हाच असतो, की तुम्हांला दान द्यायची घाई झाली आहे, पण पुढच्या निवडणुकीत राज्य जाईल.

दावा खरा ठरतो का, हे मात्र प्रत्येक वेळी तपासावे लागते. मार्च २०१० मध्ये आरोग्यविमा विधेयकाविरुद्ध प्रतिनिधिगृहातील ३४ डेमोक्रॅट सदस्यांनी मत दिले, आणि त्यांच्यापैकी अनेक जण नोव्हेंबरात तरीही पडले. शुक्राचार्यांचा डोळा गेला आणि बळीचे राज्यही गेले, तसेच काहीसे. आपल्या लेखातील दोन सिनेटरांनाही एकाच मापाने मोजू नये. मॅन्चिन यांनी २०२४ मध्ये निवडणूक लढवली नाही आणि ती जागा रिपब्लिकन जिम जस्टिस यांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मते घेऊन जिंकली. तेथे झारीत दुसरे कोणी बसणे शक्यच नव्हते. सिनेमा यांनी २०२२ च्या डिसेंबरात पक्ष सोडला, आणि ॲरिझोनाची ती जागा पक्षाच्या मुख्य प्रवाहाला त्यांच्यापेक्षा जवळ असलेल्या रुबेन गॅलेगो यांनी पक्षाकडेच राखली. त्याच राज्याचे दुसरे सिनेटर मार्क केली यांनी जानेवारी २०२२ मध्ये नियम शिथिल करण्याच्या बाजूने मत दिले होते, आणि त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. तेथील पाणी अडवण्याची गरज नव्हती, असे मी म्हणेन.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. संपादकांना मी आता पुढील वाक्य पाठवले आहे: ‘मॅन्चिन हे मताने मध्यममार्गी आणि मोजणीत काठावरचे होते, सिनेमा यांना काठाने जेवढे मोठे केले, तेवढे त्यांच्या राज्याने मागितले नव्हते.’ ‘मवाळ’ त्यांनी काढला आहे. ‘झारीतला शुक्राचार्य’ शीर्षकात घ्यावा असा माझा आग्रह आहे, परंतु वाचक त्याचा जुनाच अर्थ घेतील अशी त्यांना धास्ती वाटते, म्हणून कथेचा तो भाग मी पहिल्याच परिच्छेदात घेत आहे.