मदत हवी आहे: विंडोज ७ वरच्या क्रोम १०९ मध्ये बटण गायब, फायरफॉक्समध्ये मात्र सगळं ठीक

नमस्कार मंडळी,

आमच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचं संकेतस्थळ मी सांभाळतो. माझ्या लॅपटॉपवर आणि फोनवर ते व्यवस्थित दिसतं. अडचण येते ती वाचनालयातल्याच संगणकांवर. तिथे विंडोज ७ आहे, त्यामुळे क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. नवी यंत्रं घ्यायला इतक्यात पैसे मिळणार नाहीत, तेव्हा ‘ब्राउझर अपडेट करा’ हे उत्तर कृपया नको. त्या यंत्रांसमोर बसणारे बरेच सभासद साठीच्या पुढचे आहेत. पुस्तकाची मुदत ते तिथूनच वाढवतात. त्यांचं काम अडायला नको, एवढंच मला हवंय.

पहिली अडचण: ‘मुदत वाढवा’ हे बटणच दिसत नाही. निळ्यावर पांढरी अक्षरं आहेत. निळा रंग उमटत नाही आणि पांढऱ्या पानावर पांढरी अक्षरं हरवतात. माउस नेमका तिथे नेला की बाणाचा हात होतो, म्हणजे बटण जागेवर आहे. सीएसएसमध्ये (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेत) रंग ओकेएलसीएच या नव्या पद्धतीने लिहून रूटमध्ये, म्हणजे सगळ्या पानाला लागू होणाऱ्या भागात, व्हेरिएबल म्हणून, म्हणजे एक नाव देऊन, ठेवलेत. त्याच व्हेरिएबलला वरच्या ओळीत साधा हेक्स रंगही (# ने सुरू होणारा जुना कोड) दिलाय. न समजलेली ओळ ब्राउझर सोडून देतो आणि आधीची धरतो ना? मग इथे का नाही?

दुसरी: ‘नवी पुस्तकं’ची यादी रिकामी राहते. यादी क्रमाने लावणारं ‘टूसॉर्टेड’ नावाचं जावास्क्रिप्टचं फंक्शन नाही, असं कन्सोल (ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी) सांगतो.

त्याच यंत्रावर फायरफॉक्स ११५ मध्ये दोन्ही गोष्टी चालतात. त्यामुळे जास्तच गोंधळलोय.

प्रतिसाद १

ओकेएलसीएच क्रोममध्ये १११ पासून आलं, फायरफॉक्समध्ये ११३ पासून. म्हणून तुमच्याकडे क्रोम दोन आवृत्त्यांनी मागे राहिला आणि फायरफॉक्स तरला.

तुम्ही म्हणता तो नियम बरोबर आहे, पण तो साध्या गुणधर्मांना लागतो. व्हेरिएबलमध्ये काय लिहिलंय हे ब्राउझर तेव्हा तपासतच नाही. त्याच्या दृष्टीने दोन्ही ओळी वैध, म्हणून खालची जिंकते. पुढे बटणाला रंग द्यायची वेळ आली की ती किंमत त्याला उमगत नाही, आणि तोवर मागची ओळ हातातून गेलेली असते. पार्श्वभूमी मग पारदर्शक होते.

उपाय सोपा आहे. रूटमध्ये फक्त हेक्स ठेवा. ओकेएलसीएचचे रंग ‘ॲट-सपोर्ट्स’च्या अटीत (ब्राउझरला ती गोष्ट कळत असेल तरच आतलं लागू होतं) टाकून त्याच्या खाली लिहा. ही अट क्रोमला २८ पासून कळते. निळ्याची छटा थोडी वेगळी दिसेल, दिसू द्या. शिवाय बटणाला गडद किनार आणि गडद अक्षरं दिलीत तर रंग आला नाही तरी ते वाचता येईल. मी तर सगळ्याच महत्त्वाच्या बटणांना हे करतो.

सीएसएस नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणं) वापरलंय का तेही बघा. ते क्रोम १०९ लाही कळत नाही आणि फायरफॉक्स ११५ लाही.

प्रतिसाद २

टूसॉर्टेड क्रोममध्ये ११० ला आलं, तुमचं एकाच आवृत्तीने हुकलं. आधी ‘स्लाइस’ने यादीची प्रत काढा, मग तिच्यावर नेहमीचं ‘सॉर्ट’ चालवा. पण माझं ऐकाल तर यादी सर्व्हरवरूनच लावून एचटीएमएलमध्ये पाठवा. सीएसएसमध्ये एखादी ओळ कळली नाही तर तेवढीच गळते; जावास्क्रिप्ट मात्र चुकीच्या ओळीवर थांबते आणि त्या स्क्रिप्टमधलं तिच्या पुढचं सहसा चालत नाही. पुस्तकांची नावं दिसायला स्क्रिप्टची गरजच पडू नये.

मूळ धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार! ॲट-सपोर्ट्स टाकलं, किनारही दिली, बटण दिसायला लागलं. यादी आता सर्व्हरवरच, पीएचपी भाषेतून, लावून पाठवतोय. नेस्टिंग मेनूच्या फाइलमध्ये आहे, ते हाताने सुटं करायला घेतलंय. एक विचारायचं राहिलं: घरी विंडोज ७ नाही, तर क्रोम १०९ वर तपासायची सोय कशी करता तुम्ही?