ईसीयू रिमॅप केलं म्हणून एसीच्या ब्लोअरची पण वॉरंटी गेली? हे चालतं का भो?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

मंडळी, एक विषय मांडतो, पटलं नाही तर बिनधास्त भांडा. माझी टर्बो डिझेल एसयूव्ही अजून वॉरंटीत आहे आणि तिला स्टेज १ रिमॅप केलेलं आहे. म्हणजे एकही पार्ट बदललेला नाही, फक्त ईसीयूतली (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधली) फाइल बदलली, बूस्ट (टर्बो इंजिनात ढकलतो त्या हवेचा दाब) थोडं वाढवलं, डिझेल थोडं जास्त, टॉर्क (इंजिनाची ओढायची ताकद) लिमिटर जरा वर सरकवला. डीपीएफ (धुरातली काजळी धरणारी जाळी), ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणारी व्यवस्था) जसंच्या तसं आहे, त्याला हात लावू दिला नाही. कन्नड घाटात घरची सगळी माणसं आणि सामान घेऊन लोड ट्रकच्या मागून गाडी उचलताना जो फरक पडतो तो चालवणाऱ्यालाच कळतो.

आता एप्रिलात एसीचा ब्लोअर आवाज करायला लागला म्हणून सर्व्हिस सेंटरला नेली. अॅडव्हायझरनं स्टिअरिंगखालच्या ओबीडी पोर्टला स्कॅनर लावला आणि लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. कॅलिब्रेशन आयडी (फाइलची ओळख) कंपनीचाच होता पण त्याच्याखालचा सीव्हीएनचा (फाइलला हात लावला की बदलणारा) आकडा जुळत नव्हता. झालं, त्यानं जॉब कार्डवर निळ्या पेनानं लिहून टाकलं, "ईसीयू मॉडिफाइड, वॉरंटी क्लेम नामंजूर". ब्लोअरचा क्लेम! डॅशबोर्डच्या आत एक मोटर आणि एक पंखा, त्याचा इंजेक्शन मॅपशी काय संबंध हे मला कोणी सांगेल का? मी विचारलं तर उत्तर मिळालं, "साहेब सिस्टीमच घेत नाही."

माझं म्हणणं एवढंच आहे. टर्बो गेला, क्लच जळाला, पिस्टन वितळला तर कंपनीनं हात वर करावेत, मी एक शब्द बोलणार नाही. पण ज्या पार्टचा आणि फाइलचा संबंध दाखवता येत नाही तिथं वॉरंटी नाकारायचा हक्क कोणालाच नाही. २५ ऑगस्ट २०१४ ला भारतीय स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींच्या वर दंड लावला होता, स्पेअर पार्ट आणि स्कॅनिंगची साधनं बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत म्हणून. त्याच आदेशात होतं की बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालता येणार नाही, बाहेरच्या कामामुळं जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच नाकारता येईल. पुढं कंपन्या अपिलात गेल्या, पण तत्त्व किती स्वच्छ आहे बघा ना.

वर्कशॉपवाला (जळगाव)

मी या धंद्यात आहे म्हणून सांगतो, ब्लोअर नाकारला ते चूकच. माझ्या टेबलवर आला असता तर पास केला असता. पण भाऊ तुमच्या बाकीच्या म्हणण्याशी मी सहमत नाही.

"संबंध दाखवा" म्हणणं सोपं आहे. टॉर्क वाढला की तो इंजिनात बसून राहत नाही, क्लच, ड्युअल मास फ्लायव्हील, गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, इंजिन माउंटिंग सगळ्यांवरून जातो. स्कॉर्पिओ एनचं बघा, १७५ पीएसचं तेच डिझेल इंजिन ऑटोमॅटिकला ४०० न्यूटन मीटर देतं आणि मॅन्युअलला ३७०. कंपनी तीस न्यूटन मीटर उगाच कापते का? खालच्या व्हेरियंटला तर १३२ पीएस आणि ३०० च आहे. लोक म्हणतात बघा सॉफ्टवेअरनं दाबून ठेवलंय, म्हणजे इंजिनात दम आहे. इंजिनात असेल हो, पण पुढची सगळी साखळी त्या हिशोबानं तपासलेली असते.

जुनं १२४८ सीसीचं मल्टीजेट आठवा, स्विफ्टमध्ये ७५ पीएस आणि एर्टिगामध्ये ९०. किती जणांनी ट्यूनरचं (फाइल बदलून देणाऱ्याचं) ऐकून स्विफ्टला नव्वदच्या वर नेलं, "तेच तर इंजिन आहे" म्हणून. तेच नव्हतं ना! ९० वाल्याला व्हेरिएबल जॉमेट्री (पात्यांचा कोन बदलणारा) टर्बो होता, ७५ वाल्याला साधा फिक्स. छोट्या टर्बोला जास्त बूस्ट मागितलं की तो जास्त फिरतो, जास्त गरम हवा ढकलतो, आणि मग ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरला आपल्या मे महिन्यात काय झेपणार आहे? २५ डिग्रीच्या हवेपेक्षा ४५ डिग्रीच्या हवेत साधारण ६ टक्के ऑक्सिजन कमी असतो. कंपनीची फाइल हे सेन्सरवरून ओळखते आणि डिझेल कमी करते, म्हणून तुम्हाला दुपारी गाडी मेल्यासारखी वाटते. बरेच ट्यूनर फाइलमधलं नेमकं हेच डिझेल कमी करायचं टेबल सपाट करतात, म्हणजे भुसावळच्या उन्हात पण गाडी डिसेंबरसारखी पळते. डिझेल तेवढंच, हवा कमी, मग धूर आणि एक्झॉस्टचं टेंपरेचर. ८०० डिग्रीच्या आसपास टर्बाइनची पाती किती दिवस टिकतील?

आणि अजून एक, क्लेम पास करून कंपनीकडं पाठवला आणि कंपनीनं नाकारला तर ते पैसे डीलरच्या अंगावर येतात. अॅडव्हायझरला दोष देताना एवढं लक्षात ठेवा.

तापीपार (शिरपूर)

काय भो वर्कशॉपवाले, कंपनीची फाइल म्हणजे जणू वेद असल्यासारखं सांगून राहिले तुम्ही. २०१५ ला फोक्सवॅगननं काय केलं ते विसरले का? गाडी टेस्टवर आहे हे सॉफ्टवेअरच ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं प्रदूषण कमी दाखवायचं, रस्त्यावर आली की पुन्हा मोकळं. जगभर एक कोटी दहा लाखांच्या घरात गाड्या निघाल्या, भारतात सव्वातीन लाखाच्या जवळपास परत बोलावल्या. ती फाइल कंपनीनंच टाकली होती ना, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच त्या गाड्या सर्व्हिस होत होत्या ना?

मग आमच्यासारख्यानं स्वतःच्या पैशानं घेतलेल्या गाडीत, डीपीएफला हात न लावता थोडा टॉर्क वाढवला तर आम्ही गुन्हेगार काबर? बिजासन घाट चढून सेंधव्याकडं जाताना ओव्हरटेकला जो अर्धा रस्ता कमी लागतो ती सेफ्टीच आहे. चांगला ट्यूनर आधी ओरिजनल फाइल वाचून ठेवतो, लॉग (चालत्या गाडीच्या सेन्सरच्या नोंदी) घेतो, गाडी पळवून पुन्हा लॉग घेतो, मगच पक्की फाइल देतो. वाईट ट्यूनरवरून सगळ्यांना मोजू नका.

लळिंग (धुळे)

तापीपार दादा, कंपनीनं खोटं केलं म्हणून आपल्याला मोकळीक मिळते हे तर्काला धरून नाही. कायद्याचं बघा जरा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, कंपनीनं जे मूळ तपशील दिले आणि आरसीवर जे नोंदले त्याच्याशी न जुळणारा बदल करता येत नाही. आरसीच्या नोंदीत हॉर्सपॉवरचा रकाना असतो. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानं हीच गोष्ट स्पष्ट केली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत १८२ए आलं, परवानगीशिवाय बदल केला तर मालकाला बदलामागं ५,००० दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. रस्त्यावरचा हवालदार ईसीयू वाचणार नाही हे मलाही कळतं. पण देव न करो अपघात झाला आणि विमा कंपनीच्या सर्व्हेअरनं वाचली तर? बदल पॉलिसीत कळवला होता का, हा पहिला प्रश्न येतो. एसीच्या ब्लोअरपेक्षा तिथं किती मोठी रक्कम अडकते याचा विचार करा.

केळीवाला (रावेर)

भाऊ, तुनं म्हननं बराबर शे, पण कारवाल्यांचं सोडा, पिकअपवाल्यांचं कोणी बोलून नाही राहिलं. आमच्याकडं सावदा रावेरच्या बाजूनं केळी भरली की माल वेळेत पोचला पाहिजे, उशीर झाला तर घड काळा पडतो आणि व्यापारी भाव पाडतो. पिकअपवाले रिमॅप करतात ते हौस म्हणून नाही, लोडमध्ये चढावर दम मिळावा म्हणून. आणि खरं सांगतो, करणारे बरेचसे त्याच हाती ८० चा स्पीड लिमिटर पण काढून टाकतात. मी काढू देत नाही. माझ्या गाड्यांवर पोरं चालवतात, रात्रीची वेळ असते, मागं दोन टनाच्या आसपास माल. ब्रेक तेच, टायर तेच आणि वेग शंभरच्या वर, हे मला झोप लागू देणार नाही. ट्यूनरला मी स्पष्ट सांगितलं, टॉर्क दे, लिमिटरला हात लावू नको. तो म्हणे सगळे काढतात. मग मी करूनच घेतलं नाही.

गिरणाकाठ

केळीवाले दादा, तुमच्याशी शंभर टक्के सहमत. लिमिटर काढणं आणि डीपीएफ उडवणं या दोन्हीला माझा ठाम विरोध आहे. बीएस ६ आलं १ एप्रिल २०२० ला, त्यानंतरच्या डिझेल गाड्यांत ती जाळी काजळी धरते आणि हायवेवर ६०० डिग्रीच्या आसपास तापून जाळते. ती फोडून आत पोकळ पाइप घालणारे लोक आपल्याच पोरांच्या छातीत काजळी भरून राहिलेत.

लळिंग भाऊ, कायद्याचा मुद्दा जड आहे, मान्य. विमा कंपनीला मी मेल करून कळवलंय. पण वॉरंटी हा वेगळा करार आहे. दंड सरकारनं घ्यावा, त्याचा आधार घेऊन कंपनीनं ब्लोअर नाकारू नये.

सातपुडा (नंदुरबार)

इतकं भांडायचं कशाला. सर्व्हिसला जायच्या आधी ओरिजनल फाइल टाकायची, परत आल्यावर पुन्हा रिमॅप. नाहीतर फाइलला हात न लावता ट्यूनिंग बॉक्स लावा, रेल प्रेशर (इंजेक्टरकडं जाणाऱ्या डिझेलचा दाब) सेन्सरच्या वायरमध्ये बसतो, पाच मिनिटांत निघतो. कोणाला कळतंय?

वर्कशॉपवाला

कळतं. बऱ्याच ईसीयूत किती वेळा फ्लॅश झालं (नवी फाइल टाकली) याचा काउंटर असतो. फाइल परत टाकली तरी काउंटर मागं जात नाही. फोक्सवॅगन ग्रुपच्या गाड्यांना तर एकदा सापडली की कंपनीच्या सिस्टीममध्ये टीडी १ अशी खूण पडते, मग देशात कुठल्याही डीलरकडं जा, इंजिन आणि गिअरबॉक्सचे क्लेम अडकतात. आणि बॉक्स म्हणजे काय, तो ईसीयूला रेल प्रेशर कमी आहे असं खोटं सांगतो, मग ईसीयू बिचारा पंपाला अजून दाब म्हणतो. खरं प्रेशर किती आहे हे गाडीलाच माहीत नाही. फाइल बदलण्यापेक्षा हे मला जास्त धोक्याचं वाटतं.

लपवून आणलेल्या गाडीचा अजून एक त्रास ऐका. समजा तुमच्या मॉडेलला कंपनीचं सॉफ्टवेअर अपडेट आलंय, आम्ही सर्व्हिसमध्ये ते टाकून देतो, आम्हाला काय माहीत आत काय आहे. तुमची फाइल गेली, गाडी परत मवाळ झाली. मग कस्टमर काउंटरवर येऊन भांडतो की तुम्ही गाडी बिघडवली. आणि क्लच बदलायला आलेल्या पोराला खरा टॉर्क माहीत नसेल तर तो चुकीचं कारण शोधत बसतो.

गिरणाकाठ

सातपुडा भाऊ, लपवायचं असतं तर हा विषयच काढला नसता. मी पहिल्याच दिवशी अॅडव्हायझरला सांगितलं होतं की रिमॅप आहे. खरं सांगितलं म्हणून ब्लोअर गेला, लपवलं असतं तर कदाचित नवीन बसला असता, हीच तर माझी तक्रार आहे. खरं बोलणाऱ्याचं नुकसान होत असेल तर सगळे लपवायला शिकतील, मग वर्कशॉपवाल्यांनाच जास्त त्रास.

वर्कशॉपवाला

हे मात्र पटलं. असं करा, कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी मागा, कुठल्या पार्ट नंबरचा क्लेम नाकारला आणि तो पार्ट ईसीयूच्या बदलानं कसा खराब झाला, हे दोनच प्रश्न. जॉब कार्डचा फोटो जोडा. तोंडी "सिस्टीम घेत नाही" याला काही अर्थ नाही, लेखी मागितलं की फाइल वरच्या एरिया मॅनेजरकडं जाते. आणि पुढच्या वेळी जॉब कार्डवरच लिहून घ्या, "विचारल्याशिवाय सॉफ्टवेअर अपडेट करू नये". टर्बो आणि क्लचबद्दल माझं मत तेच आहे, तिथं मी तुमच्या बाजूनं सही करणार नाही.

लळिंग

लेखी उत्तर आलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे, जळगावला पण आहे धुळ्याला पण आहे. ५० लाखांपर्यंतचं प्रकरण तिथंच चालतं, वकील लावलाच पाहिजे असं नाही. पण समोरचा कलम ५२ काढणार हे धरून चला, उत्तर तयार ठेवा.

गिरणाकाठ

मेल आज पाठवला, दोन प्रश्न आणि जॉब कार्डचा फोटो जोडून. कलम ५२ काढलं तर माझं उत्तर ठरलंय, त्याचा दंड भरायला मी तयार आहे, ब्लोअर कशानं खराब झाला ते सांगा. वर्कशॉपवाले दादा, टर्बोसाठी तुमच्याकडं सही मागणार नाही, पण क्लचच्या बाबतीत अजून वाद आहे माझा. लॉगमध्ये टॉर्क किती निघाला तो आकडा आणि गिअरबॉक्सची कंपनीनं दिलेली मर्यादा दोन्ही समोर ठेवून बोलू, लॉग उद्या टाकतो इथं.