अनुभव धागा : लॉग आउट केल्यावरही चालू राहणारी जगं

ड्रॅगन कसा मारला याच्या कथा भरपूर झाल्या. इथे माणसांबद्दल लिहा. हजारो जण एकाच जगात वावरतात अशा खेळांत तुम्हाला कोण भेटलं, कशावरून वाजलं, का टिकलात, का सोडलंत? १९९७च्या 'अल्टिमा ऑनलाइन'पासूनचे मुरलेले आणि कालपरवा आलेले, सगळेच या. त्याही आधीचं, निव्वळ अक्षरांवर चालणारं 'मड' कुणी खेळलं असेल तर सोन्याहून पिवळं.

काळा_पडदा :
खेळलोय. मूळ 'मड' १९७८चं, एसेक्स विद्यापीठातल्या रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल यांचं. माझ्या वाट्याला आली ती त्याची नातवंडं. चित्र औषधालाही नाही. उत्तरेला दार आहे, एवढंच पडद्यावर यायचं, बाकीचं आपण रंगवायचं. तलवारीपेक्षा टायपिंग महत्त्वाचं, हळू टाइप करणारा मेलाच. आज माझी बोटं कीबोर्डवर पळतात ती तिथल्या भुतांच्या धाकाने.

लोहार :
'अल्टिमा'त मी कधी कुणाला मारलंच नाही. खाणीतून धातू काढायचा, चिलखतं ठोकायची, विकायची. शहराबाहेर पीके, म्हणजे इतर खेळाडूंना मारून लुटणारे, टपलेले असत. म्हणून खाणीवर जाताना दोन दांडगे सोबत घ्यायचे आणि बदल्यात त्यांची हत्यारं फुकट दुरुस्त करायची. हा व्यवहार खेळाच्या कुठल्याही नियमात नव्हता, भीतीतून जमला होता. त्या दोघांशी गप्पा मारण्यासाठीच मी पुढे लॉग इन करायला लागलो.
२००० साली जगाची दोन रूपं झाली: जुनं फेलुका आणि नवं ट्रॅमल, जिथे संमतीशिवाय कुणी कुणावर वार करू शकत नाही. बहुतेक जण तिकडे गेले, मीही गेलो. माल खपत होता, पण माझ्यासोबत खाणीवर यायला कुणाला कारणच उरलं नाही. नवख्यांना पीके टोळ्यांनी इतकं छळलं होतं की बदल हवाच होता. तरी शेजार तिथेच सुटला.

हिरवी_पट्टी :
'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'ची हीलर, म्हणजे साथीदारांच्या जखमा भरणारी; ४० जणांच्या रेड, म्हणजे एकत्र मोहिमा, असायच्या तेव्हाची. अख्खी लढाई कुणाचा किती जीव उरलाय हे दाखवणाऱ्या ४० पट्ट्यांकडे बघत काढायची. काही बॉस, म्हणजे मोहिमेतले बडे शत्रू, दिसतात कसे, हे मला पुढे व्हिडिओत कळलं! आणि लूटवाटप? रेडला हजर राहून डीकेपी गुण साठवायचे, मग वस्तूंवर ते खर्चायचे. बॉसशी कमी, त्या हिशेबावरून जास्त लढाया झाल्या.
सप्टेंबर २००५ची 'करप्टेड ब्लड'ची साथ कुणाला आठवते? हक्कार या बॉसचा शाप पाळीव प्राण्यांबरोबर बाहेर आला आणि शहरांत सांगाड्यांचा सडा पडला. काही जण पळाले, काही मुद्दाम साथ पसरवत फिरले. हीलर मदतीला धावले, तर त्यांनी जगवलेलेच इतरांना लागण देत राहिले. २००७मध्ये 'द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीजेस'मध्ये यावर लेख आला, कारण इथे घाबरणारी माणसं खरी होती.

ढाल :
आवाज ऐकू येईपर्यंत मी उत्तम टँक, म्हणजे पुढे राहून वार झेलणारी, होते. व्हॉइस चॅट आलं आणि रातोरात सल्ले सुरू झाले, न मागितलेल्या भेटीही. गिल्ड, म्हणजे खेळाडूंचा कायमचा गट, बदललं, माइक बंद ठेवला, पुन्हा उत्तम टँक झाले.

दूरचा_तारा :
'ईव्ह ऑनलाइन', अंतराळातल्या जहाजांचा खेळ. जानेवारी २०१४ची बी-आर५आरबी या ग्रहमालेतली लढाई पेटली कशावरून, तर त्या ग्रहमालेच्या मालकीचं बिल भरायचं राहिलं! सुमारे २१ तास चाललं, ७५ टायटन जहाजं खलास. बाहेरून थरारक. आत मात्र सर्व्हरवरचा ताण पेलावा म्हणून खेळातला काळच दहा टक्क्यांवर आणतात. तोफ डागायचा हुकूम द्यायचा आणि कपडे वाळत घालून यायचं.

रात्रपाळी :
सोडलं. गिल्डमध्ये रजा मागावी लागायची, तीही आगाऊ. एक नोकरी पुरे.

लोहार :
@रात्रपाळी, ऑफिसात लूट तरी वाटतात का?

मुखवटा :
माझा 'सिटी ऑफ हीरोज' नोव्हेंबर २०१२मध्ये बंद झाला. पुढे चाहत्यांनीच तो आपल्या सर्व्हरवर उभा केला, आणि जानेवारी २०२४मध्ये त्यांच्या 'होमकमिंग' या सर्व्हरला अधिकृत परवानाही मिळाला. जुना हीरो गेलाच होता, तो हुबेहूब पुन्हा बनवला. नाव मात्र कुणीतरी आधीच पटकावलंय. त्याला निरोप टाकलाय. म्हणतो, आधी माझ्याशी लढ.