मदत हवी आहे: नाताळ कमी खर्चात, कमी दगदगीत कसा करायचा?

नमस्कार, आम्ही नाशिकला शरणपूर रोडला राहतो, यंदा २५ डिसेंबरचं जेवण आमच्याकडे आहे, मोठी ९ आणि मुलं ५. सगळं मिळून ६,००० च्या आत बसवायचंय, कारण जानेवारीत शाळेची फी भरायचीय. आम्ही दोघं नोकरी करतो, सुट्टी फक्त २५ ची, आणि २४ ला रात्री उपासना असते त्यामुळे त्या संध्याकाळी स्वयंपाकाला हात लावता येत नाही.

आतापर्यंत एवढं केलं: फराळात करंज्या, शंकरपाळे आणि नानकटाई एवढंच ठेवलंय, नानकटाईचं पीठ घरी मळून बेकरीतून भाजून आणणार. चांदणी मागच्या वर्षीचीच लावतोय, झाडही तेच. जेवण वाटून घेऊया असं जावेला विचारलं, ती हो म्हणाली पण सासूबाईंना वाईट वाटलं, त्यांच्या मते घरी बोलवून पाहुण्यांनाच डबा आणायला सांगणं बरं दिसत नाही, आणि मला त्यांचं मन खरंच मोडायचं नाहीये. केटरिंग बघितलं, बजेटमध्ये बसत नाही. सासूबाईंना शुगर आहे, तिखट चालतं.

खरी अडचण गिफ्टची आहे, दरवर्षी प्रत्येक जण प्रत्येक मुलाला देतो. यंदा चिठ्ठ्या टाकून एका मुलाला एकच, ३०० पर्यंतचं गिफ्ट असं ठरवायचंय. कुणी असं केलंय का? घरच्या मोठ्यांना कसं सांगितलंत, आणि चिकन रस्सा-भातासोबत २४ ला सकाळीच करून ठेवता येईल असं काय करू?