एकच यंत्रणा झाली तरी गर्दी होत नाही

पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका एकाच ट्रंकिंग यंत्रणेवर, म्हणजे ठरावीक फ्रिक्वेन्सी सगळ्यांनी गरजेप्रमाणे वाटून वापरायच्या अशा वायरलेस यंत्रणेवर, आले तर सगळे एकमेकांच्या बोलण्यात घुसतील, अशी शंका काहींना वाटते. तसं होत नाही. बटण दाबलं की वायरलेस संच आधी कंट्रोल चॅनेलवर (अशा मागण्या आणि सूचनांसाठी राखलेल्या चॅनेलवर) मागणी पाठवतो, यंत्रणा मोकळी फ्रिक्वेन्सी त्या टॉकग्रुपला (एकमेकांशी बोलणाऱ्या संचांच्या गटाला) देते आणि बोलणं संपलं की ती पुन्हा सगळ्यांसाठी खुली होते. हे सगळं क्षणार्धात. स्वतंत्र चॅनेल असले की एकाचा रिकामा पडतो आणि दुसऱ्याच्या चॅनेलवर रांग लागते.

खरा उपयोग पुरात. विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नांदेडच्या घाटांवर पोलीस, महापालिका, महसूल सगळेच धावतात. त्यांना एक सामाईक टॉकग्रुप देता येतो. एकेकाला मोबाइल लावत बसणं तिथे परवडत नाही.

मला काळजी विजेची वाटते. टॉवर बंद पडला तर टेट्रामध्ये (अशा ट्रंकिंग यंत्रणेच्या एका मानकात) संच थेट संचाशी बोलतो, पण पल्ला फार कमी. त्यामुळे यंत्रणेच्या टेंडरमध्ये टॉवरच्या बॅटरी आणि जनरेटरची अट पक्की हवी, आणि थेट बोलण्याची तालीम पावसाळ्याआधी प्रत्येक जवानाकडून करून घ्यायला हवी.